कुलूपबंद पेटी

(बीड जिल्ह्यातील पालकांच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे मुलांच्या विज्ञानशिक्षणाविषयी बोलणार आहे. हा विषय शहरातल्या शिकल्यासवरल्या लोकांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असे पुष्कळांना वाटेल. म्हणून आरंभीच एका जुन्या निवेदनाचे स्मरण करून देतो. 29 ऑक्टोबर 1942 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी अस्पृश्य वर्गाची गाऱ्हाणी व्हाइसरॉयपुढे लेखी मांडली. कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने या वर्गाचे फारसे भले होणार नाही, त्याला विज्ञान व तंत्रविद्येचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आणि त्यासाठी त्यांनी दरसाल 2 लक्ष रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. स्वतः बॅरिस्टर असलेल्या पुरुषाची ही मागणी आहे, हे ध्यानात घ्या. पुढे 1950 साली त्यांनी त्या वेळच्या औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेही मराठवाड्यातील आपल्याच मुलांसाठी.

परंतु महाविद्यालयाच्या दारापर्यंत मूल पोचावे कसे? दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. वर्गात विजेचा धडा चालू असतो तेव्हा मूल फडात वाढे गोळा करीत असते. जे गावात राहते त्याचे तरी काय? मी एका शाळेत प्रयोगसाहित्याची पेटी पाहिली. भिंगे कोरी करकरीत होती, कारण साहित्य फुटेल या भीतीने पेटीला कुलूप होते. मुलांनी भिंगाची व्याख्या मात्र तोंडपाठ म्हणून दाखविली.

आपल्या मुलांना विज्ञान झेपत नाही, असे म्हणणारे भेटतात. त्यांना मुंबईचे उदाहरण सांगावे. 1974 साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने 1980 नंतरच्या दशकात महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींची मुले निवडून त्यांना काही वर्षे हाताशी धरले. पुस्तकाची अवघड भाषा सोपी केली, प्रयोग करविले, प्रश्न विचारू दिले. मुलांची प्रगती झाली. उणीव बुद्धीची नव्हतीच.

दुसरे उदाहरण आपल्यासारख्याच कोरडवाहू मुलखातले आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तेथील शिक्षणक्रमात मुले जोडकाम करतात, माती तपासतात, रक्तातील हिमोग्लोबिनही मोजावयास शिकतात. हे शेवटचे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या शेकडो भगिनींची गर्भाशये काढली गेल्याचा प्रश्न 2019 साली विधिमंडळापर्यंत गेला. ज्या मुलीने आपल्या हाताने रक्त तपासले आहे, ती उद्या आपल्या आईबरोबर दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला दोन प्रश्न विचारील.

आता कामाचे बोलतो. आपल्यातील जी मुले-मुली पदवीपर्यंत शिकली, त्यांनी महिन्यातील दोन रविवार द्यावेत. एका ताईने किंवा दादाने दहाच मुले घ्यावीत, पण तीच मुले दोन वर्षे सोडू नयेत. एक दिवस जादूसारखे प्रयोग दाखवून निघून जाण्यात अर्थ नाही. साहित्य फार लागत नाही. भिंग, चुंबक, तापमापक, विजेचे सेल, तारा, एवढ्यावर वर्ष निघते. पर्जन्यमापक तर तळ सपाट असलेल्या बाटलीचाही होतो, आणि पाऊस मोजण्याची गरज बीडहून अधिक कोणाला आहे? फुटले तर फुटू द्यावे.

पालकांना एकच विनंती. कारखान्याला निघताना आठवीतली मुलगी धाकट्याला सांभाळायला म्हणून बरोबर नेऊ नका. हंगामी वसतिगृहाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीकडे गाडी भरण्याआधी करावी लागते, नंतर नव्हे. ज्यांना ती करावयाची आहे आणि जे तरुण रविवार देण्यास तयार आहेत, त्यांनी सभा संपताच आपली नावे मजकडे लिहवावीत. वही येथेच ठेवली आहे.