चाकाशेजारचा हात



अध्यक्षाने वर्षभरातल्या संशोधनाचा आढावा घ्यावा, अशी आपल्याकडे रीत आहे. आढावा छापून तुमच्या पिशवीत घातलेला आहे, तो वाचून दाखवण्यात वेळ घालवत नाही. मला आज एकाच गोष्टीवर भांडायचं आहे. शाळेच्या पुस्तकापासून संग्रहालयाच्या फलकापर्यंत आपण सगळीकडे एक शिडी उभी केली आहे. आधी दगड, मग तांबं, मग लोखंड. आधी हाताने थापलेलं मडकं, मग चाकावरचं. वरच्या पायरीवर पाय पडला की माणूस खालची सोडून देतो, असं ती शिडी सांगते. प्रवरा, गोदावरी आणि घोड यांच्या काठी आपल्याच गुरुजनांनी जे खणून काढलं, त्याने ही शिडी कधीच मोडली आहे. आपण मात्र ती अजून भिंतीला टेकवून ठेवली आहे.

संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावी १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं. तिथल्या भांड्यांवरून एका सबंध संस्कृतीला नाव मिळालं. पुढे नेवासे, दायमाबाद, चांडोली, इनामगाव असा पट उलगडत गेला. जोर्वे भांडं तुम्हा सगळ्यांच्या हाताखालून गेलेलं आहे: बारीक मळलेली माती, चाकावरची घडण, लाल अंगावर काळ्या रंगाच्या भौमितिक रेघा आणि टिचकी मारली की खणकन वाजणारी भाजणी. मातीतल्या लोहाला भट्टीत मोकळी हवा मिळाली, म्हणून तो लाल रंग उतरला. कमरेशी धारदार कोन असलेला वाडगा आणि नळीसारख्या तोटीचा गडू हे या कुंभारांचे हातखंडे. गडूची तोटी वेगळी वळून मग अंगाला जोडलेली असते. फुटका गडू मिळाला, तर तोटीच्या बुडाशी आतल्या बाजूने बघा. बाहेरून सांधा सापडणार नाही इतकी सफाई, आणि आत, जिथे कुणी बघणार नव्हतं तिथे, ओली माती बोटाने दाबल्याच्या खुणा. मुखपृष्ठावर छापायला हे भांडं फार सोयीचं असतं, आपण ते छापतोही.

पण त्याच घरांत, त्याच थरांत करड्या रंगाची जाडीभरडी भांडी आहेत, हाताने घडवलेली. पुस्तकात ती शेवटच्या तक्त्यात जातात. शिडीच्या हिशेबाने ती तिथे असायलाच नकोत. चाक हाताशी असताना माणूस हाताने का थापेल? याचं उत्तर चुलीपाशी मिळतं. मातीत भरड मिसळलेली असली, की आचेने पडणारी बारीक चीर कणाशी येऊन थांबते, भांडं तडकत नाही. बारीक मातीचं देखणं भांडं पाणी प्यायला, वाढायला ठीक, पण रोज उठून जाळावर चढवण्याचं काम त्याचं नव्हे. आजचा आपला कुंभारही एकाच घागरीत दोन्ही रीती वापरतो. गळा चाकावर काढतो, आणि माती जरा सुकली की आतून गोल दगड धरून बाहेरून थापीने पोट वाढवतो. त्याला कुणी मागासलेला म्हणत नाही. निदान त्याच्या तोंडावर तरी नाही.

इनामगावचं उदाहरण तर बोलकंच आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या वसाहतीत १९६८ ते १९८३ अशी उत्खननं चालली. सांकलिया, म. के. ढवळीकर, अन्सारी आणि डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या तिथे राबल्या. इ. स. पू. १६०० ते ७०० एवढा मोठा काळ त्या पांढरीत साठलेला आहे. तिथे मुलांची दफनं घराच्या जमिनीखाली मिळाली. खड्ड्यात दोन मोठी करडी मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत मूल, आणि शेजारी रंगवलेला तोटीचा गडू नि वाडगा. एकाच खड्ड्यात, एकाच दिवशी, एकाच घराने दोन्ही तऱ्हांची भांडी ठेवली. पाणी द्यायला चाकावरचं घेतलं आणि लेकरू ठेवायला हाताने घडवलेलं. मला त्यात पायऱ्या दिसत नाहीत. कुठल्या कामाला कुठलं भांडं, हे त्या घरात पक्कं ठाऊक होतं, एवढंच दिसतं.

आता हत्यारांकडे वळू. या काळाला आपण ताम्रपाषाण म्हणतो आणि बोलताना त्यातला पाषाण गिळतो. जोर्व्याला तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी मिळाल्या, चांडोलीला खंजीर मिळाला. दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या चार ओतीव वस्तू मिळून ६० किलोंच्या वर भरतात. त्यांचा काळ कोणता यावर आपल्यातच दोन तट आहेत, कारण त्या शिस्तीने खणलेल्या थरातून आलेल्या नाहीत. आज त्या वादात शिरत नाही. तांबं दूरवरून यायचं, मोडलं की पुन्हा वितळवलं जायचं. त्यामुळे आपल्या हाती लागतं ते हरवलेलं, पुरलेलं किंवा विसरलेलं तांबं. त्याच्या संख्येवरून वापराचा अंदाज बांधणं धोक्याचं आहे, हे मान्य. तरीही रोजची कापाकापी कशाने होत होती, याबद्दल शंका नको. घरोघरी कॅल्सेडनीची पाती पडलेली आहेत.

ही पाती पाडणं येऱ्यागबाळ्याचं काम नव्हतं. दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत हा दगड तयार होतो, नदीच्या पात्रात वाहून येतो. कारागीर आधी बरा गोटा निवडतो आणि त्याच्या एका कडेला आलटून पालटून, डावीउजवीकडून टवके काढत उभा कंगोरा तयार करतो. मग माथ्यावर नेमका जोर दिला, की कंगोऱ्यासकट पहिलं पातं सुटून येतं, तिकोनी, नागमोडी पाठीचं. ते गेलं की गाभ्यावर दोन सरळ कडा उरतात. पुढचं पातं त्यांच्या आधाराने सुटतं, त्यापुढचं नव्या कडांच्या आधाराने. एका गाभ्यातून समांतर कडांची पाती एकामागून एक निघत जातात. ती लाकडात किंवा हाडात ओळीने बसवली की कोयता झाला. एखादं बोथट झालं तर तेवढंच बदलायचं. ताज्या पात्याची धार तांब्याला कधी येत नाही. असं हत्यार हाताशी असताना महाग तांबं कापाकापीत का झिजवायचं? ते कुऱ्हाडीला, छिन्नीला, मासे धरायच्या गळाला, बायकामुलांच्या मण्यांना ठेवलं गेलं. हिशेब चोख होता.

शिडीचा सर्वांत मोठा अन्याय उत्तर जोर्वे काळावर झाला आहे. इ. स. पू. १०००च्या पुढे इनामगावात चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या येतात, शेळ्यामेंढ्या वाढतात, भांडी ओबडधोबड होतात, त्यांवरची नक्षी उतरणीला लागते. हवामान कोरडं झालं, शेती आटली, अशी कारणमीमांसा ढवळीकरांनी केली. ती बहुतांशी मला पटते. पटत नाही तो ‘ऱ्हास’ हा शिक्का. भट्टीला जळण लागतं, रेघा ओढायला सवड लागते, आणि नाजूक भांड्याला एका जागी मांडलेलं घर लागतं. कळपामागे हिंडणाऱ्याला यातलं काय परवडणार होतं? रंग वगळून जाड भांडं करणाऱ्याला रंगवता येत नव्हतं, असा निष्कर्ष आपण कशाच्या बळावर काढतो? माझा अंदाज चुकीचा ठरू शकतो. पण तो तपासायचा, तर लागतात ती साधी, बिननक्षीची खापरं. आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

ती खापरं आपणच टाकून देतो. खड्ड्याच्या काठावर निवड होते. काठ, बूड, नक्षी असलेला तुकडा पिशवीत, बाकीच्यांची मोजदाद वहीत आणि तुकडे ढिगाऱ्यात. जी पोत्यांत भरून कोठारापर्यंत पोचतात, त्यांच्या चिठ्ठ्या उंदीर खातात. कोठारं कुठली, ते सांगत नाही. इथल्या निम्म्या लोकांना ती माहीत आहेत.

म्हणून उद्याच्या सर्वसाधारण बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला असा, की प्रत्येक उत्खननात किमान एका चराची सगळी खापरं आणि दगडाचे सगळे टवके, साधे असोत की देखणे, वजन करून जपावेत आणि त्यांची नोंद अहवालाच्या मुख्य भागात यावी. दुसरा विद्यार्थ्यांसाठी आहे. पदव्युत्तर वर्गाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक सत्र कुंभाराच्या हाताखाली काढावं आणि दगड फोडून पाती पाडायला शिकावं. कुंभाराला या कामाचं मानधन व्याख्यात्याच्या दराने मिळावं आणि वेळापत्रकात त्याचं नाव शिक्षक म्हणून यावं. दुसऱ्या ठरावाला नियमांची अडचण येईल, असं मला सकाळपासून तिघांनी सांगितलं आहे. नियमांची प्रत मीही बरोबर आणली आहे. उद्या अकरा वाजता बोलू.