लोणारची कथा कशी वाचावी?

लोणारचे विवर पाहून आलेला विद्यार्थी तिथल्या कथेवर हमखास दोन वाक्ये लिहितो : ‘कथा फार सुंदर आहे’ आणि ‘परंतु ती खोटी आहे’. परीक्षेत गुण मिळतीलही. पण याला समीक्षा म्हणता येत नाही. पहिल्या वाक्याला पुरावा नाही आणि दुसऱ्याचा कथेशी संबंध नाही. विवर उल्कापाताने झाले हे १९७३ साली खडकांच्या तपासणीतून पुढे आले, म्हणून कथा वाचण्याचे काम संपते थोडेच?

लवणासुर दैत्य जमिनीखाली बिळात लपून असे. विष्णूने देखण्या तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोन बहिणींना भुलवून ठिकाण काढून घेतले आणि पायाच्या अंगठ्याने बिळाचे झाकण उडविले. ते पडले धाटेफळजवळ. तिथली टेकडी ती हीच म्हणतात. दैत्याचे रक्त, ते तळ्याचे पाणी.

आता पेन्सिल हाती घ्या. नावातच लवण, म्हणजे मीठ. खाऱ्या पाण्याचा उलगडा तेथूनच सुरू होतो. झाकण कशाला? सपाट पठारातला हा गोल खड्डा काही उचलून घेतल्यासारखा दिसतो म्हणून. सांगणाऱ्याची नजर किती बारीक, पाहा! आणि बहिणी? इथे मात्र वाचकाने अडखळले पाहिजे. त्यांच्यावाचून देवालाही ठिकाण सापडत नाही, आणि कथा याविषयी चकार शब्द काढीत नाही. आपला अर्थ इथे सुरू होतो. पण मजकुरात आहे ते आणि आपण घातले ते, यांत रेघ ओढा. ‘देव कपटी आहे’ असे लिहू नका. ‘या कथेत विजय कपटावाचून होत नाही’ असे लिहा, आणि बहिणींकडे बोट दाखवा.

आणखी एक. आपण नेमका कोणता पाठ वाचतो आहोत? ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामी लोणारला येतात. म्हाइंभटांनी स्वामींना पाहिलेल्यांकडून आठवणी गोळा केल्या. मूळ प्रत पुढे हरवली आणि ग्रंथ स्मरणातून, पाठापाठांनी पुन्हा उभा राहिला. याच बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे डॉ. वि. भि. कोलते यांनी पोथ्या ताडून १९७८ साली त्याची आवृत्ती काढली. काम कंटाळवाणे खरे. पण शब्द हलला की अर्थही हलतो.

तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ही कथा ऐका, त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. बहिणी एक की दोन, झाकण कशाने उडाले, ते आधी लिहा. आवडली की नाही, ते मागाहून.