परिचारिकांची दमछाक आणि देखरेखीचा प्रश्न

(चेन्नई येथे मराठीभाषक पक्षसभासदांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'बर्नआउट'चे भाषांतर करताना मी 'थकवा' हा शब्द टाळतो. थकवा झोपेने जातो. हे करपणे आहे, आणि भाकरी करपली तर दोष भाकरीचा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या अकराव्या रोगवर्गीकरणात त्याची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या ताणातून उद्भवणारी व्यवसायजन्य अवस्था म्हणून. तरीही व्यवस्थापनाचा उपाय ठरलेला: परिचारिकांसाठी योगवर्ग!

याच शहरातील प्रकरण पाहा. तामिळनाडूच्या वैद्यकीय सेवा भरती मंडळाने २०१५ साली परीक्षा घेऊन हजारो परिचारिका निवडल्या. पगार दरमहा ठोक ७,७०० रुपये. दोन वर्षांनी कायम करण्याचे आश्वासन. ते पाळले गेले नाही, तेव्हा नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस त्यांनी तेनामपेट येथील संचालनालयाच्या आवारात ठिय्या दिला. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यांना कामावर परतावे लागले. पुढे कोविडच्या साथीत तात्पुरत्या नेमलेल्या २,००० हून अधिक परिचारिकांची सेवा ३१ डिसेंबर २०२२ रोजी संपविण्यात आली. टाळ्या वाजवून झाल्या होत्या. महाराष्ट्रातही मे २०२२ मध्ये सरकारी परिचारिकांना कंत्राटदारामार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध संप करावा लागला.

आता देखरेखीकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक, सर्वसाधारण रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, परिचारिकेमागे एकेक रुग्ण वाढला की बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी आणि शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. परंतु वॉर्ड सिस्टरला जागा भरण्याचा अधिकार नाही, खाटा कमी करण्याचाही नाही. तिच्या हाती उरते ते रजा नाकारणे आणि मेमो देणे. कालपर्यंत स्वतः रात्रपाळ्या केलेली ही बाई अशा रीतीने मुकादम बनते. जिची नोकरीच कच्ची आहे, ती परिचारिका मग औषधाच्या मात्रेत झालेली चूक वरिष्ठांना सांगेल काय? ती गप्प राहील. त्या मौनाची किंमत रुग्ण मोजतो.

म्हणून वॉर्ड सिस्टरला मालकाची माणूस समजून संघटनेबाहेर ठेवणे मला घातक वाटते. पगारवाढ व कायम नोकरी यांच्या शेजारी मागणीपत्रात आणखी एक कलम घाला: प्रत्येक पाळीला वॉर्डात रुग्ण किती आणि परिचारिका किती, याचा आकडा दारावर लावावा, संख्या निकषाहून कमी असल्यास वॉर्ड सिस्टरने तशी लेखी नोंद करावी, आणि त्या नोंदीबद्दल तिच्यावर कोणतीही कारवाई होऊ नये.