आवडणारा कोण?

(मेळाव्यात केलेले मनोगत)



मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. चाळिशी उलटल्यावर हौस म्हणून स्पॅनिश शिकू लागले. एकदा क्लासमध्ये आपल्या भाषेतल्या चित्रपटाचं परीक्षण लिहायला सांगितलं. मी २००४ सालचा, संदीप सावंत यांचा ‘श्वास’ निवडला.

शब्द पाठ केले. चित्रपट म्हणजे ‘पेलिकुला’, तोही स्त्रीलिंगी. कथानक ‘आर्गुमेन्तो’, भूमिका ‘पापेल’. पण पहिल्याच वाक्याला अडले. ‘मला चित्रपट आवडला’ याचं मनात आधी इंग्रजी केलं, मग स्पॅनिश. ‘मी’ हा कर्ता धरला आणि चुकले. बरोबर वाक्य होतं, ‘मे गुस्तो ला पेलिकुला’. यातलं ‘मे’ म्हणजे ‘मला’. नट अनेक असतील, तर ‘मे गुस्तारोन लोस आक्तोरेस’. मला गाणं आवडलं, गाणी आवडली, तसंच.

तेव्हा कळंबोलीतला आपला वर्ग आठवला. बाहेर लोखंडबाजाराच्या ट्रेलरांचा खडखडाट, फळ्यावर ‘मला आंबा आवडतो’. बाईंनी कर्ता विचारला. मी म्हटलं, ‘मी’. सगळे हसलात! बाई म्हणाल्या, “धातूला ‘णारा’ लाव. आवडणारा कोण? आंबा.”

आज एक कबूल करते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी इंग्रजीची इतकी धास्ती बसली, की मराठी माध्यम मी लपवायला लागले. मराठीचं व्याकरण तर मार्कांपुरतंच होतं, असं समजत राहिले.

त्या रात्री इंग्रजी बाजूला ठेवून परीक्षण लिहिलं. आजोबा नातवाला शहरात आणतात; जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार, असं डॉक्टर सांगतात. गोष्ट वर्तमानकाळात सांगायची रीत तिथेही आहे. शेवटी शिफारस. ‘तुम्ही बघता’ म्हणजे ‘वेन’, पण ‘तुम्ही बघावा’ असं सुचवायचं तर ‘वेआन’. आपला विध्यर्थच की!

फजितीही झाली. ‘मला कंटाळा आलाय’ म्हणजे ‘एस्तोय आबुर्रीदा’. मी म्हटलं ‘सोय आबुर्रीदा’, म्हणजे ‘मी कंटाळवाणी आहे’. आता भाषण आवरतेच!

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तीस वर्षं उशिरा सांगते, उत्तर कळलं. आवडणारा आंबाच.