पेशींची पकड



आर्वी तालुक्यातल्या आमच्या रोहण्यात खर्रा कसा घोटतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. सुपारी, तंबाखू, चुना. त्याने तोंडाचं काय होतं ते तुम्ही पुष्कळदा ऐकलंय, मी पुढचं सांगतो. गालातली न भरणारी जखम दाखवायला माणूस सेवाग्रामला गेला, की डॉक्टर त्याची मान का चाचपतात?

गालाच्या आतल्या पेशी एकमेकींना धरून असतात. ही पकड प्रथिनांची. त्यांतली कॅडहेरिनं जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी शोधली. कॅल्शियम नसेल तर ती सुटतात. कर्करोगात ही पकड अनेकदा ढिली पडते, पेशी निसटते आणि मानेतल्या लसिका ग्रंथींत जाऊन बसते. पण नुसतं निसटून तिचं भागत नाही. धोतराला आघाडा चिकटावा, तसं तिला नव्या जागी चिकटावंही लागतं. ते काम बरंचसं इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांचं.

खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेत डॉ. मिलिंद वैद्य यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींतली केराटिन ८ आणि १८ ही प्रथिनं कमी केली. त्याबरोबर अल्फा-६ बीटा-४ या इंटेग्रिनचं काम बिघडलं आणि पेशींचा आक्रमकपणा उतरला. हे २०११ सालचं. अर्थात, हे प्रयोगशाळेतलं.

मग सरळ इंटेग्रिनच अडवावं की! तसं औषधही केलं, सिलेंजिटाइड. मेंदूच्या कर्करोगाच्या पाचशेहून जास्त रुग्णांवर ते तपासलं. २०१४ साली निकाल आला: आयुष्य वाढलं नाही. मला यात फारसं नवल वाटत नाही. एक हात बांधला तर पेशीला धरायला दुसरे हात आहेतच.

यश आलं ते वेगळ्याच वाटेने. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींवर नेक्टिन-४ हे चिकटणारं प्रथिन पुष्कळ असतं. एन्फोर्टुमॅब वेडोटिन हे औषध ती पकड सोडवायच्या फंदात पडत नाही. नेक्टिन पाहून पेशीला लागतं, आत शिरतं आणि सोबत नेलेलं विष तिथे सोडतं. डिसेंबर २०१९मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. नेक्टिन-४ आपल्या कातडीतही असतं, म्हणून अंगावर पुरळ उठतं, कधी गंभीरही.

तोंडाच्या कर्करोगावर मुख्य उपचार अजून शस्त्रक्रिया आणि किरणोपचारच. म्हणून तोंड नीट उघडत नसेल, उभी तीन बोटं आत मावत नसतील, तर कापूस वेचून झाल्यावर जाऊ म्हणू नका. त्याच आठवड्यात तोंड दाखवून या.