अडथळ्याची वाट



संगणकाला लावायचा डोंगल असो, घरातला सिमकार्डवर चालणारा राउटर असो की हातातला फोन, प्रत्येकात एक मॉडेम असतो. आपला फोटो, आवाज, पैशांचा व्यवहार हे सगळं तो रेडिओलहरींवर चढवतो आणि टॉवरकडून आलेल्या लहरींवरची माहिती उतरवून घेतो. आज त्याच्या वेगामागच्या एका विचाराबद्दल बोलायचं आहे.

टॉवरवरून निघालेली लहर सहसा सरळ एका वाटेने येत नाही. इमारतींवर, डोंगरांवर, पाण्याच्या टाक्यांवर आपटून ती अनेक वाटांनी, किंचित मागेपुढे पोहोचते. या लहरी एकमेकींत मिसळतात. कुठे जोर धरतात, तर कुठे एकमेकींना पुसून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी असते सुमारे १७ सेंटिमीटर. म्हणूनच डोंगल वीतभर सरकवला तरी रेंज बदलते. अभियंत्यांना हे परावर्तन कित्येक वर्षं छळत आलं होतं.

आरोग्यस्वामी पॉलराज यांनी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात घडले. पाण्याखालचे आवाज टिपणारी सोनार यंत्रणा त्यांनी भारतीय नौदलासाठी उभी केली. निवृत्तीनंतर ते अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तिथे होते थॉमस कैलाथ. जन्म पुण्याचा आणि १९५६ची पदवी पुण्याच्याच अभियांत्रिकी महाविद्यालयाची. एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर, अनेक अँटेनांतून वेगवेगळी माहिती पाठवण्याच्या कल्पनेचं पेटंट या दोघांना १९९४ साली मिळालं. पुढे बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनीही या विषयात मोठी भर घातली. हे तंत्र 'मायमो' म्हणून ओळखलं जातं.

याचं मर्म दहावीच्या बीजगणितात आहे. टॉवरच्या दोन अँटेनांनी दोन संदेश पाठवले, की मॉडेमच्या दोन्ही अँटेनांवर त्यांचं मिश्रण येतं, पण दोन्हीकडचं प्रमाण निराळं. अज्ञात दोन, समीकरणंही दोन. प्रमाण कळावं म्हणून टॉवर मधूनमधून मॉडेमला आधीच ठाऊक असलेल्या खुणा पाठवतो. मग मॉडेम एकसामयिक समीकरणं सोडवून संदेश वेगळे करतो, तेही सेकंदाला लाखो वेळा. फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एका अँटेनाने सेकंदाला सुमारे ७५ मेगाबिट मिळत, तिथे दोन-दोन अँटेनांनी १५० मिळू लागले.

ही समीकरणं वेगळी राहतात ती परावर्तनामुळे. मोकळ्या माळावर टॉवर थेट समोर असेल, तर दोन्ही मिश्रणं जवळजवळ सारखीच येतात आणि उकल कठीण होते. लहरींना अडवणाऱ्या भिंतीच मॉडेमला दुसरं समीकरण मिळवून देतात. पॉलराज यांना या कामासाठी २०१४ साली मार्कोनी पारितोषिक मिळालं.

गणिताच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. दोन समीकरणं एकच निघाली तर एकमेव उकल का मिळत नाही, हा प्रश्न गुणांपुरता ठेवू नका. मुलांना शाळेच्या छतावर न्या, समोरचा टॉवर दाखवा आणि तिथे तो प्रश्न पुन्हा विचारा. वर्गात सोडवलेलं उदाहरण आपल्या खिशातही सतत सुटत असतं, हे मुलांना त्याच वयात कळायला हवं.