आवाज राहतो कुठे?

(मंडळाच्या सांस्कृतिक समितीच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



मंडळाच्या आरत्या आणि भजने संगणकावर ध्वनिमुद्रित करायचे ठरले आहे. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे सांगण्याचे काम समितीने माझ्यावर सोपवले. मी काही संगीतकार नाही, नोकरी सांभाळून पेटी वाजवणारा माणूस. पण एका चुकीतून शिकलो आहे, तीही सांगतो.

आधी एक फरक समजून घेऊ. ध्वनिमुद्रणात माइकसमोर जे वाजले ते जसेच्या तसे साठवले जाते. सीक्वेन्सिंगमध्ये आवाज साठत नाही. कोणता स्वर, केव्हा, किती जोरात वाजला, एवढ्या सूचना साठतात. १९८३ पासून रूढ असलेली ‘मिडी’ पद्धत ती हीच. एक प्रकारची स्वरलिपीच म्हणा ना! चुकलेला स्वर नंतर सुधारता येतो, लय बदलता येते. पण गळ्यातली मींड तिथे सहज उतरत नाही.

आता नावे घेऊ. नुसते गाणे, पेटी, तबला मुद्रित करायचे तर ऑडॅसिटी पुरेसे आहे. २००० साली आलेले हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. एक ट्रॅक ऐकत दुसरा मुद्रित करता येतो. मिडीवर रचना करण्यासाठी मात्र ते नव्हे. मुलांच्या नाचासाठी ठेका आणि कीबोर्डचा साज रचायचा असेल, तर एफएल स्टुडिओ सोयीचे. दोन्ही कामे एकाच जागी हवीत तर १९८९ पासून चालत आलेले क्यूबेस आहे, किंवा रीपर. रीपर ६० दिवस वापरून पाहता येते. आपल्यासारख्या ना-नफा संस्थेला त्याचा सवलतीचा परवाना ६० डॉलरला मिळतो. ज्यांच्याकडे मॅक आहे त्यांना गॅरेजबँड फुकटच आहे.

निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, लय. आपली आरती सावकाश सुरू होते आणि झांजांबरोबर चढत जाते. सीक्वेन्सर एकच ठोका धरून बसतो. त्या ठोक्यावर गायला लावले तर आरतीची कवायत होते! म्हणून आरतीला ठोका बंद ठेवून सरळ मुद्रण करावे.

दुसरी, विलंब. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज उशिरा ऐकू आला की गाणारा अडखळतो. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जात असताना २५६ नमुन्यांच्या बफरमुळे सुमारे ६ मिलिसेकंद उशीर होतो, २०४८ च्या बफरमुळे सुमारे ४६. इथे महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा चांगला ऑडिओ इंटरफेस जास्त उपयोगी पडतो.

तिसरी गोष्ट माझ्या चुकीची. २००६ साली आमच्या कॉलनीतल्या एका आजींच्या भूपाळ्या मी मुद्रित केल्या. त्यांच्या माहेरची ती चाल आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. पुढे संगणक बदलताना ‘प्रोजेक्ट’ची फाइल सीडीवर उतरवून घेतली आणि जुनी डिस्क पुसून टाकली. आजी गेल्यावर त्यांच्या मुलाने ती भूपाळी मागितली. सीडी लावली, सगळे ट्रॅक दिसले, पण सगळे रिकामे! त्या फाइलमध्ये आवाज नव्हताच. तो कुठे ठेवला आहे एवढीच नोंद होती. आवाजाचा फोल्डर मी घेतलाच नव्हता. मुलासमोर मान खाली घालावी लागली.

तेव्हापासून कोणतेही सॉफ्टवेअर पाहिले की मी आधी विचारतो : यात आवाज राहतो कुठे, आणि बाहेर कसा काढायचा? कारण कंपन्यांचाही भरवसा नसतो. २००२ मध्ये ॲपलने लॉजिक बनवणारी कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद झाली. २०१७ मध्ये गिब्सनने केकवॉकचे काम थांबवल्याचे जाहीर केले; पुढच्या वर्षी बँडलॅबने ते घेतले म्हणून निभावले.

म्हणून माझी शिफारस अशी : आरत्या-भजनांसाठी ऑडॅसिटीने सुरुवात करावी, मुलांच्या कार्यक्रमासाठी रीपर वापरून पाहावे. आणि सॉफ्टवेअर कोणतेही असो, मुद्रण संपताच प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल काढून दोन ठिकाणी ठेवावी. स्टिरिओ मुद्रणाला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही.

आपल्यातल्या ज्येष्ठांच्या चाली याच वर्षी मुद्रित करू या. सॉफ्टवेअर पुन्हा मिळेल, तो गळा मिळणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!